फणस, साग आणि चार तारा

जानेवारीच्या अखेरीला पहाटे दिंडोरी रस्त्यावर धुराचा पट्टा दिसायला लागला की ओळखायचं, पारा फारच खाली गेलाय. थंडीनं द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार बांधाबांधाला शेकोट्या करतात. आमच्या कंपनीची बस म्हसरूळच्या थांब्यावर सव्वासहाला येते. तिची वाट पाहत उभं असताना ओला धूर, टपरीवरच्या चहातलं आलं आणि समोरून जाणाऱ्या पिकअपमधल्या क्रेटांचा आंबूस-गोड वास असं सगळं एकदम नाकात शिरतं. यंदाही परवा शिरलं. आणि हातमोज्याच्या आत माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप वाकली, तारेवर ठेवल्यासारखी.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच हंगामात एक बेस गिटार महिनाभर आमच्या घरी राहायला होती. राहायला म्हणते, कारण ती माझी नव्हती.

बेस गिटार म्हणजे काय, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलंय. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला चार. पण जाड, आणि आवाज खर्जातला. गाणं संपल्यावर लोकांना गायिका आठवते, ड्रम आठवतात, गिटारवाल्याचे केस आठवतात. बेस कोणाला आठवत नाही. मला ते कधी खुपलं नाही. मी अंबडला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. गाड्यांत बसणारे पोलादी दांडे माझ्या टेबलावर येतात, मी ते मोजते आणि बरोबर असले की पुढे पाठवते. बरोबर असलेल्या दांड्याबद्दल कोणी कधी बोलत नाही. नापास केला तर मात्र चिठ्ठीवर एक रकाना भरावा लागतो: कारण. तो रकाना भरता भरता माझी बावीस वर्षं गेली.

बेसशी गाठ पडली ती कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. वाजवणारा आयत्या वेळी कावीळ होऊन पडला आणि कोणीतरी म्हणालं, सुमनला मात्रा चांगल्या मोजता येतात, हिला उभी करा. उभी राहिले ती राहिलेच. पुढे आखातात नोकरीला निघालेल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून साडेसहा हजारांना जुनी बेस घेतली. तिच्यावर लग्नाची रिसेप्शन्स वाजवली, गणपतीतले कार्यक्रम वाजवले. आता आमचा चौघांचा ग्रुप हंगामात रविवारी दुपारी एका द्राक्षबागेत वाजवतो. लोक मुंबईहून येतात, वाईन चाखतात, हौदात उतरून द्राक्षं तुडवतात, पाय जांभळे करून घेतात, आणि आम्ही मांडवात जुनी-नवी गाणी वाजवतो.

माझ्या त्या जुन्या बेसमध्ये एक खोट होती. सगळ्यात बारीक तारेवर, मानेवरच्या सहाव्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, बोट ठेवलं की पेटीतल्या काळी एकचा स्वर यायला हवा. यायचाही. पण आला की लगेच मरायचा. बाकीचे स्वर ताणून धरले तर श्वासभर टिकत. हा मात्र 'ठक्' करून बसायचा, ओल्या लाकडावर काठी मारल्यासारखा. तार बदलली, पडदा घासून घेतला, काही फरक नाही. मग मी त्या जागेवर जायचंच सोडून दिलं. तोच स्वर शेजारच्या तारेवर खाली अकराव्या पडद्यावर मिळतो, तिथे उडी मारून घ्यायचा. पहिली दोन-तीन वर्षं ती उडी जाणवत होती. पुढे तीच माझी पद्धत झाली. आमचा गिटारवाला नीलेश कोणालाही अभिमानानं सांगायचा, "ताईंची ती उडी बघा, स्टाईल आहे त्यांची." मी वायर जोडायला खाली वाकत असे.

त्या जानेवारीअखेर एका तारेची खुंटी तुटली आणि नीलेशनं मला सातपूरला दामूकाकांकडे पाठवलं. घरामागे पत्र्याची शेड, जमिनीवर भुसा, भिंतीला रंधे आणि पटाशा ओळीनं लावलेल्या. दामूकाका सत्तरीच्या आसपासचे. चाळीस वर्षं एका फाउंड्रीत पॅटर्न करायचे. म्हणजे लोखंडाचं ओतकाम करण्याआधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती. मग ते काम यंत्रावर व्हायला लागलं, फाउंड्रीनं जुने पॅटर्न जळणाच्या भावात काढले आणि काकांनी त्यातला साग टेम्पो भरून घरी आणला. तेव्हापासून ते बेस गिटार करतात. वर्षाला तीन, फार तर चार. त्यांना स्वतःला एकही गाणं वाजवता येत नाही.

"वाजवायला यायला कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "पंपाचे पॅटर्न केले, पाणी कुठं उपसलं मी?"

खुंटी बसवत असताना त्यांनी सहज भिंतीकडे बोट केलं. तिथे एक नवी बेस टांगलेली होती. अंग फणसाच्या लाकडाचं, हळदीच्या गाठीसारखं आतून पिवळं. मान सागाच्या पाच पट्ट्या जोडून केलेली. काही चमकवलेलं नाही, नुसतं तेल पाजलेलं. मी ती मांडीवर घेतली आणि सवयीनं अंगठा मानेच्या मागून फिरवला. माझ्या अंगठ्याला मिलिमीटरच्या हजारातल्या काही भागांचे फरक कळतात, तो त्याचा रोजगार आहे. त्याला काही म्हणजे काही सापडलं नाही.

"केवढ्याला, काका?"

"दोन लाख चाळीस."

मी ती हळूच परत टांगायला उठले. काका हसले. "अहो, बसा. एक पडदा घासताना माझी सकाळ जाते. पाच महिने लागलेत हिला. पण मी म्हणतो म्हणून घेऊ नका. घेऊन जा, महिनाभर वाजवा. द्राक्षं संपायच्या आत आणून द्या नाहीतर पैसे आणा."

"आणि काही झालं तर?"

"तुम्ही मोजमापवाल्या ना? तुमच्या हातून काय व्हायचंय?"

अशी ती घरी आली.

माझे यजमान प्रकाश शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी तिला सोफ्यावर निजवलेली पाहिली, किंमत ऐकली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे पाहून आले. आमच्या ओट्याची फरशी गॅसशेजारी तडकलेली होती, आणि माझ्या एका ठेवीची मुदत त्या मार्चमध्ये संपली की सगळा ओटा नवा करायचा हे ठरलेलं होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"ओटा थांबेल," ते म्हणाले. "पण मला नीट पटवून दे. म्हणजे मग मी बाकीच्यांना पटवीन."

पटवण्याचं काम मला येतं असं मला वाटत होतं. मी वहीत दोन बाजू केल्या. वजन: जुनी सव्वाचार किलो, ही साडेतीनच्या आत, म्हणजे खांदा कमी दुखणार. मान सरळ. पडदे समान. विकायची वेळ आली तर अर्धे पैसे नक्की. दुसऱ्या बाजूला एकच ओळ होती: ऐकणाऱ्याला फरक कळेल का?

त्यासाठी एका शनिवारी नीलेशला घरी बोलावलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले, त्यानं दोन्ही बेस आलटून पालटून वीस वेळा वाजवल्या आणि कुठली कुठली ते मी सांगायचं. वीसपैकी अकरा बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तरी तेवढ्याच आल्या असत्या. मी पुन्हा एकदा करायला लावलं. नऊ आल्या.

प्रकाश चहाचे कप घेऊन दारात उभे होते. बिचारे कप घेऊन तसेच परत आत गेले.

मला आठवतं, त्या संध्याकाळी मी गच्चीत गेले. समोरच्या बागेत द्राक्षाच्या घडांना कागद लावत होते, एकेका घडाला वर्तमानपत्राचा झगा. सुरगाण्याकडून आलेल्या बाया भराभर हात चालवत आपल्या बोलीत काहीतरी बोलून हसत होत्या. मला वाटलं, झालं, मोजमाप झालं, उत्तर आलं. उद्याच परत द्यायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, द्यायच्या आधी एकदा म्हणून, मी स्पीकर न लावता तिला नुसतीच मांडीवर घेतली आणि काही न ठरवता माझं बोट सहाव्या पडद्यावर पडलं.

काळी एक. आला आणि राहिला. बरगडीला टेकलेलं लाकूड थरथरत होतं, तार दिसेनाशी होईपर्यंत हलत होती, आणि स्वर आपला शांतपणे चाललेला. मी तो पुन्हा वाजवला. मग पुन्हा. प्रकाश दाढी अर्धवट टाकून बाहेर आले. "अडकलीय का काही?"

"नाही," मी म्हणाले. "अडकलेलं सुटलंय."

पण हे वहीत कुठल्या बाजूला लिहायचं, ते कळेना. बावीस वर्षं एक स्वर मी टाळत होते आणि टाळतेय हेही विसरले होते. गाणी त्याला वळसा घालून बसवली होती. पुढचे तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. जिथे जिथे उडी मारत होते तिथे तिथे सरळ चालत गेले. हात गोंधळायचा, चुकायचा, आणि मला आतून इतकं बरं वाटायचं की सकाळच्या बसमध्ये मी बोटांनी पिशवीवर वाजवत असायचे.

काकांनी दिलेल्या महिन्यातला शेवटचा रविवार फेब्रुवारीअखेर आला. थंडी नुकतीच सैलावलेली, दुपारच्या उन्हात स्वेटर काढावासा वाटेल इतकी. त्या दिवशी माझे वडील, नाना, पहिल्यांदाच मला ऐकायला आले. मखमलाबादला त्यांची गुलाब आणि झेंडूची शेती. सगळं आयुष्य पहाटे फुलं खुडून बाजाराला नेण्यात गेलं. माझं वाजवणं त्यांनी कधी अडवलं नाही आणि कधी विचारलंही नाही. त्या रविवारी प्रकाशनी त्यांना गाडीत घातलं. धुतलेलं धोतर, टोपी, आणि हातात घरच्या गुलाबांचा कागदात गुंडाळलेला जुडगा. कोणाला द्यायचा हे न ठरल्यामुळे तो त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवला. मांडवात पहिल्या रांगेत बसले, जांभळ्या पायांच्या मंडळींमध्ये.

पहिली सहा गाणी नव्या बेसवर झाली. ती कशी झाली ते मला सांगता येणार नाही, कारण मी पाहत नव्हते, मोजत नव्हते. सातव्या गाण्याच्या मध्यावर आवाज फाटला, कुरकुरला आणि गेला. या बेसच्या पोटात एक छोटी बॅटरी असते. वायर जोडून ठेवली तर वाजवा न वाजवा, ती उतरत राहते. आदल्या दिवशीच्या तालमीनंतर वायर काढायला मीच विसरले होते. मोजमापवाली बाई! मी खाली वाकून, राखीव म्हणून आणलेली जुनी काळी बेस उचलली, वायर तिच्यात खुपसली, आणि उरलेला तासभर तिच्यावर वाजवलं. रेश्मा, आमची गायिका, मागे वळूनही बघत नव्हती. लोक टाळ्या देत होते तशाच देत राहिले. कोणाच्याही कपाळावर एक आठी उमटली नाही.

फक्त शेवटच्या गाण्यात, महिनाभराच्या सवयीनं, माझं बोट सहाव्या पडद्यावर गेलं. ठक्.

कार्यक्रम संपल्यावर मी नानांजवळ जाऊन बसले. "कसं वाटलं?"

त्यांनी जुडगा दुसऱ्या हातात घेतला. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "ती पोरगी चांगली गाते. तो बडवतो तोबी चांगला. पण सुमे, तुझं काय वाजतं ते मला काय ऐकू नाय आलं."

प्रकाश हसू दाबायला दुसरीकडे बघू लागले. मला हसू आलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस ऐकायला आला होता. मी रेश्मा आणि नीलेशला हाक मारली आणि म्हटलं, ते शेवटचं गाणं पुन्हा एकदा, फक्त नानांसाठी. वायर गुंडाळणारी माणसं थांबली. मी जुनीच बेस घेतली. अर्धं कडवं मी वाजवलं आणि मग हात काढून घेतले. रेश्मा गात राहिली, नीलेश वाजवत राहिला. आठ मात्रांनी मी परत आत आले.

नानांनी मान वर केली. "आता कळलं," ते म्हणाले. "तू थांबली की खाली काहीच नाय राहत."

याहून चांगलं वर्णन मी कुठे ऐकलेलं नाही. पण ते तिथेच थांबले नाहीत. गाडीकडे जाताना माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाले, "एक इचारू? आधी तू ती पिवळी वाजवत होती, मंग ही काळी घेतली. का बदलली?"

"बॅटरी गेली, नाना. आवाजात फरक वाटला का?"

"आवाजातलं मला काय कळतं? पण पिवळी व्हती तवर तुझे डोळे मिटलेले व्हते. काळी घेतली आन् तू सारखी हाताकडं बघाया लागली. आन् शेवटाला तोंड केलं ना, खडा लागल्यावानी."

मी त्यांना दार उघडून आत बसवलं. गुलाबांचा जुडगा त्यांनी अखेर माझ्याच मांडीवर ठेवला आणि वाटेत बोरगड ओलांडेपर्यंत डोळे मिटून घेतले. भिंतीकडे तोंड करून घेतलेल्या परीक्षेत मी नापास झाले होते; माझ्याकडे तोंड करून कोणीतरी बघायला हवं हे मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पहिली पाळी संपवून दुपारी मी दोन्ही बेस घेऊन सातपूरला गेले. दामूकाका एका सागाच्या फळीवर पेन्सिलीनं रेषा मारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. वीसातल्या अकरा सांगितल्या, लोकांना कळलं नाही हे सांगितलं, उतरलेली बॅटरी सांगितली. मग म्हटलं, "पण काका, काळी एकचा स्वर हिच्यात जिवंत आहे. माझ्या बेसमध्ये तो मेलेला आहे. तेवढ्यासाठी घ्यावी असं वाटतंय. हे कारण पुरेसं आहे का, तुम्हीच सांगा."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. "द्या तुमची जुनी."

त्यांनी ती मांडीवर घेतली, सहाव्या पडद्यावर तार छेडली, ठक् ऐकलं आणि मान हलवली. मग उठून भंगाराच्या डब्यात हात घातला. बोटाच्या पेराएवढा पितळेचा ठोकळा काढला, त्याला चामड्याची चकती लावली आणि खुंट्यांच्या मागच्या बाजूला छोट्या शिकंज्यानं आवळून बसवला. दहा मिनिटंही लागली नसतील.

"वाजवा."

मी वाजवला. काळी एक आला आणि टिकला. नव्या बेसइतका नाही, पण टिकला.

"मान जिथं थरथरते तिथं तारेचा जोर खाऊन टाकते," काका म्हणाले. "टोकाला वजन वाढवलं की ती खोड सरकते, दोन पडद्यांच्या मधी जाऊन बसते. तिथं कोणी बोट ठेवत नाही. जात नाही ती, सरकते. ठोकळ्याचे पैसे नकोत, भंगारातला आहे."

मी खुळ्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिले. बावीस वर्षं, आणि बोटाच्या पेराएवढं पितळ. दांड्यांच्या मापांबरोबर त्यांची कंपनंही मी रोज मोजते. हे मला कळायला हवं होतं. आणि दुसरं असं की हा माणूस पाच महिन्यांच्या मेहनतीची वस्तू विकायला बसलाय आणि गिऱ्हाइकाच्या हातातलं एकमेव कारण त्यानं स्वतः काढून घेतलं.

"काका, हे तुम्ही मला तेव्हा जानेवारीतच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खुंटी घेऊन आला होतात. स्वराचं बोलला नाहीत."

ते खरं होतं. ते मी कधीच कोणाला बोलले नव्हते.

पलीकडच्या गल्लीत कोणीतरी द्राक्षं विकत चाललं होतं, लाऊडस्पीकरवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा. काका भुसा झाडत होते, माझ्याकडे न बघता. मी फणसाच्या त्या पिवळ्या अंगावर हात ठेवला. खांदा दुखणं सोसण्यासारखं होतं. लोकांना फरक कळत नव्हता. मेलेला स्वर जुन्या बेसमध्येही उठून बसला होता. रकान्यात लिहायला एक शब्द उरला नव्हता, आणि माझा हात तिथून निघत नव्हता.

"हवी आहे," मी म्हणाले.

"आता कशाला?"

"माहीत नाही. हवी आहे."

बोलून झाल्यावर माझे कान तापले, लहान मुलीसारखे. हे दोन शब्द, पुढे काही न जोडता, मी याआधी कधी उच्चारले होते ते आठवेना.

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. घराच्या दिशेनं हाक दिली, "अगं ऐकलंस का, चहा टाक, पिवळी चालली." आणि मग माझ्या हातातून ती परत मागून घेतली. मला वाटलं, पुसून देतील. त्यांनी ती शेडच्या दारात, उन्हात नेली. उभ्या उभ्याच पोटाशी धरली, आणि ज्यांना एकही गाणं वाजवता येत नाही त्या दामूकाकांनी अंगठ्यानं सगळ्यात जाड तार एकदा, फक्त एकदा, छेडली.

ती तार पूर्ण थांबेपर्यंत आम्ही दोघंही ऐकत राहिलो.